सतराव्या वानराला जागा नाही

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त वानरांचे एक उदाहरण आहे. कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग करावा, तितकी वानरे वनात उड्या मारत रमली आहेत. राहिलेली बारा डोंगरावर बसून एकमेकांना साद घालत आहेत. तर कळप किती वानरांचा?

उत्तरे दोन येतात, १६ आणि ४८. सोळांचा आठवा भाग दोन, त्याचा वर्ग चार. चार वनात, बारा डोंगरावर. अठ्ठेचाळिसांचा आठवा भाग सहा, वर्ग छत्तीस. छत्तीस वनात, बारा डोंगरावर. दोन्ही चित्रे खरी आहेत. डोंगराकडे पाहणाऱ्याला दोन्ही वेळा तीच बारा वानरे दिसतात आणि मागच्या वनात चार आहेत की छत्तीस, हे त्याला सांगता येत नाही. भास्कराचार्य दोन्ही उत्तरे देतात आणि पुढे जातात. वर्गसमीकरणाला दोन मुळे असतात हे विधान म्हणून कितीही वेळा ऐकले तरी कोरडेच राहते. इथे ते डोळ्यांनी दिसते. दिलेल्या माहितीतच दोन जगे दडलेली असू शकतात, हे सांगायला याहून सुरेख उदाहरण माझ्या वाचनात नाही.

पण मला या उदाहरणात रस वाटतो तो त्यातल्या बारा या आकड्यामुळे. बाराच का?

कळपाचा आठवा भाग म्हणजे एक टोळी धरू. कळपात अशा आठ टोळ्या झाल्या. एका टोळीत जितकी वानरे, तितक्या टोळ्या वनात गेल्या. आठव्या भागाचा वर्ग म्हणजे दुसरे काय? उरलेल्या टोळ्या डोंगरावर. टोळी दोघांची असेल तर दोन टोळ्या वनात, सहा डोंगरावर, म्हणून डोंगरावर बारा. टोळी सहा जणांची असेल तर सहा टोळ्या वनात, दोन डोंगरावर, पुन्हा बाराच. म्हणजे हा सगळा प्रश्न आठाचे दोन भाग पाडून त्यांचा गुणाकार करण्याचा आहे. दोन आणि सहा, सहा आणि दोन: भागांची अदलाबदल झाली की उत्तर बदलते, गुणाकार बदलत नाही.

आता डोंगरावरचा आकडा हलवून पाहावा. आठाचे भाग एक आणि सात पाडले तर डोंगरावर सात वानरे, आणि कळप आठांचा किंवा छपन्नांचा. दोन आणि सहा म्हणजे भास्कराचार्यांचे बारा. तीन आणि पाच म्हणजे डोंगरावर पंधरा. कळप चोविसांचा किंवा चाळिसांचा. चार आणि चार पाडले की डोंगरावर सोळा, आणि आता अदलाबदलीला काही उरत नाही. कळप बत्तिसांचाच. ८ आणि ५६, १६ आणि ४८, २४ आणि ४०, मग ३२ आणि ३२. डोंगरावर गर्दी वाढते तशी ही दोन उत्तरे एकमेकांकडे चालत येतात आणि सोळावर एकमेकांत मिळून जातात.

आणखी एक वानर डोंगरावर चढवले तर? आठाचे असे कोणते दोन भाग, की ज्यांचा गुणाकार सतरा? भाग अपूर्णांकात पाडायची मुभा दिली तरी भागत नाही. चाराला जितके एका बाजूला वाढवाल तितके दुसऱ्या बाजूला घटते, आणि गुणाकार सोळातून त्या वाढीचा वर्ग वजा केल्याइतका उरतो. सोळातून काहीतरी जाईल, सोळात भर पडणार नाही. सतराव्या वानरासाठी डोंगरावर जागाच नाही, आणि डोंगराचा आकार त्याला कारण नाही. प्रश्नाची घडणच तशी आहे.

आपल्या दहावीच्या पुस्तकात यालाच विवेचक म्हणतात. मधल्या सहगुणकाच्या वर्गातून पहिल्या आणि शेवटच्या सहगुणकांच्या गुणाकाराची चौपट वजा करायची. बाकी धन असली तर दोन वास्तव आणि असमान मुळे, शून्य असली तर समान मुळे, ऋण असली तर वास्तव मुळे नाहीत. मुले हे तीन ओळींत लिहितात, गुण मिळतात, आणि तिसरी ओळ तिथेच संपते. मला त्या तिसऱ्या ओळीपाशी थांबावेसे वाटते, कारण भास्कराचार्य तिथे थांबले होते.

त्यांची रीत पाहू. ‘बीजगणिता’त वर्गसमीकरणाच्या भागाला मध्यमाहरण म्हणतात: मधले पद काढून टाकणे. रीत त्यांनी श्रीधराचार्यांच्या नावावर दिली आहे, आणि पूर्वसूरींचे नाव असे मोकळेपणाने घेणे मला फार आवडते. वानरांच्या बाबतीत ती अशी चालते. कळपाच्या संख्येचा वर्ग, त्यातून कळपाची चौसष्टपट वजा. हे बरोबर ऋण चौसष्ट गुणिले डोंगरावरची वानरे. दोन्ही बाजूंत बत्तिसाचा वर्ग, म्हणजे १०२४, मिळवायचा. डावीकडे कळप वजा बत्तीस याचा पूर्ण वर्ग तयार होतो, मधले पद नाहीसे होते. उजवीकडे काय उरते ते सगळे ठरवते. डोंगरावर बारा असताना उरतात २५६, त्याचे मूळ सोळा. बत्तिसात सोळा मिळवा किंवा बत्तिसातून सोळा काढा. पंधरा असताना उरतात ६४, मूळ आठ. सोळा असताना शून्य. सतरा असताना उरतात ऋण ६४.

हे ऋण ६४ भास्कराचार्यांच्या लिपीत कसे दिसले असते? त्यांच्याकडे ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देतात. चौसष्ट तेच, सोज्ज्वळ, आठाचा वर्ग म्हणून ओळखीचे. फक्त वर एक टिंब. त्या टिंबापाशी सगळे गणित अडते.

ते का अडते, हे त्यांनी या प्रकरणात नव्हे, ग्रंथाच्या आरंभीच सांगून ठेवले आहे. धन आणि ऋण संख्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार शिकवून झाले की वर्ग आणि वर्गमूळ येतात, आणि ते सगळे श्लोकाच्या दोन चरणांत संपते. वृत्त भुजंगप्रयात: लघु, गुरू, गुरू, असे चार वेळा. मराठी वाचकाच्या कानात हे वृत्त रामदासांच्या मनाच्या श्लोकांनी पक्के बसवलेले आहे, म्हणून ती चाल वेगळी शिकावी लागत नाही. पहिल्या चरणात सांगितले आहे की धनाचा वर्ग धन, ऋणाचाही धन. आणि धनाची मुळे दोन, एक धन, एक ऋण. दुसऱ्या चरणात ऋणाला मूळ नाही असे सांगून चरणाच्या शेवटच्या शब्दावर कारण ठेवले आहे: ती संख्या वर्गच नव्हे.

या दोन चरणांची रचना मला निर्दोष वाटते. पहिल्या चरणात दुसऱ्याची सिद्धता आहे. कोणत्याही संख्येचा वर्ग करा, धन असो की ऋण, उत्तर धनच येते, हे एकदा मान्य केले की ऋण संख्या कुणाचा तरी वर्ग असण्याची वाटच बंद होते. तरीही भास्कराचार्य वाचकावर सोडून देत नाहीत. ‘नाही’ म्हणतात आणि त्याच श्वासात का ते सांगतात. चार वेळा झुलणाऱ्या त्या चरणात नकार आधी येतो, कारण शेवटी, आणि कारणावरच आवाज थांबतो. गणिताचा नियम पाठ करायचा म्हणून पद्यात घालणे ही त्या काळची रीत होती; नियमाचा कार्यकारणभाव वृत्ताच्या उतारावर असा बसवणे हे कवीचे काम आहे.

हा विचार त्यांच्या आधीही होता, आणि तो दक्षिणेतच होता. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, म्हणजे नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. ऋण संख्या स्वभावतःच वर्ग नाही, म्हणून तिला वर्गमूळ नाही, हे महावीराचार्यांनी स्पष्ट लिहिले आहे. त्याच शतकात, ८२० च्या सुमारास, बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी थेट वानरांच्याच जातीचे समीकरण सोडवत होते: एका संख्येचा वर्ग आणि एकवीस मिळून त्या संख्येची दसपट. उत्तरे तीन आणि सात. तिथे त्यांनी बजावून सांगितले आहे की दहाच्या निम्म्याचा वर्ग दिलेल्या संख्येहून लहान असेल तर प्रश्न अशक्य, आणि तेवढाच असेल तर उत्तर ते निम्मेच. ही विवेचकाची अट आहे, शब्दांत सांगितलेली, आणि कसोटी म्हणून ती भास्कराचार्यांच्या श्लोकापेक्षा जास्त हाताशी येते. मात्र अल-ख्वारिज्मींकडे ऋण संख्या स्वतंत्रपणे वावरत नाहीत, त्यामुळे त्यांचा नकार त्या एका प्रकारच्या समीकरणापुरता राहतो. महावीराचार्य आणि भास्कराचार्य यांचा नकार संख्येच्या स्वभावातूनच आलेला आहे, म्हणून तो सगळीकडे लागू पडतो. मला त्यात अधिक खोली दिसते.

आणि वानरांचे दुसरे उदाहरण वाचले की या नकाराची धार कळते. इथे कळपाचा पाचवा भाग घ्यायचा, त्यातून तीन वजा करायचे, त्याचा वर्ग करायचा. तितकी वानरे गुहेत गेली, आणि एकच फांदीवर दिसते आहे. उत्तरे ५० आणि ५. पन्नासाचा पाचवा भाग दहा, वजा तीन सात, वर्ग एकोणपन्नास, अधिक एक, पन्नास. ठीक. पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन कसे वजा करणार? ऋण दोन येतात, त्यांचा वर्ग चार, अधिक एक, पाच. आकडे जुळतात. तरीही भास्कराचार्य पाच हे उत्तर घेत नाहीत, आणि त्याचे कारण लोकांवर सोपवतात: प्रत्यक्ष वस्तू ऋण झाली तर लोकांची त्यावर प्रतीती बसत नाही.

दोन नकार शेजारी ठेवून पाहावेत. पाच वानरांचा कळप समीकरणाला चालतो, माणसांना चालत नाही. डोंगरावरची सतरा वानरे माणसांना चालली असती; सतरा वानरे डोंगरावर बसायला काय हरकत आहे? ती समीकरणाला चालत नाहीत. पहिला नकार जगाकडून येतो, दुसरा संख्येकडून. पहिल्यात भास्कराचार्य सौम्य आहेत, लोकांचा हवाला देतात, जणू उद्या लोकांची प्रतीती बदलली तर उत्तर परत घेता येईल. दुसऱ्यात हवाला कुणाचाच नाही. दोन मुळांचा नियम देतानाही त्यांनी म्हटले आहे की मान दोन प्रकारचे येते, पण ते कधीकधीच. किती मुळे असतील, त्यांतली किती कामाची, हे सरसकट ठरवून टाकायला ते तयार नाहीत. प्रत्येक प्रश्नाला पुन्हा विचारावे लागते. हा संयम मला त्यांच्या विद्वत्तेपेक्षाही मोठा वाटतो.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे १११४ चा; छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, ‘सिद्धांतशिरोमणि’ त्यांनी पूर्ण केला, आणि ‘बीजगणित’ हा त्याचाच भाग. सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड हे आपले गाव त्यांनी सांगितले आहे. ते गाव म्हणजे विजापूर असे इकडे बंगळुरात आग्रहाने मानणारे भेटतात, आणि खानदेशातली मंडळी चाळीसगावाकडे बोट दाखवतात. खानदेशाच्या बाजूने एक मोठा पुरावा आहे: चाळीसगावाजवळच्या पाटण इथल्या देवळातला शके ११२८ चा शिलालेख. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापला, त्याला दिलेल्या दानाची नोंद या लेखात आहे, आणि तिचा शेवटचा भाग जुन्या मराठीत कोरलेला आहे. गिऱ्हाइकाने काय द्यायचे, घाण्यामागे किती तेल, असा तो रोखठोक हिशेब. ‘बीजगणित’ शिकणाऱ्यांच्या दिव्यात गावातले तेल जळत होते, ही गोष्ट मला कोणत्याही जन्मस्थानाच्या वादापेक्षा मोलाची वाटते.

बंगळुराने आपला मान वेगळ्या तऱ्हेने दिला. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये भारताचा पहिला उपग्रह ‘आर्यभट’ तयार झाला. त्यानंतर इथल्याच इस्रोच्या मंडळींनी केलेल्या, पृथ्वीचे निरीक्षण करणाऱ्या उपग्रहाला ‘भास्कर’ हे नाव मिळाले. आधी होऊन गेलेले पहिले भास्कर आणि आपले हे दुसरे, अशा दोन्ही भास्करांच्या स्मरणार्थ. ७ जून १९७९ ला तो सोव्हिएत भूमीवरून सुटला; अंगावर दोन दूरचित्रवाणी कॅमेरे आणि ‘समीर’ नावाचा सूक्ष्मतरंग मापक. साधारण सव्वापाचशे किलोमीटर उंचीवरून तो जंगले, पाणी आणि समुद्र पाहायचा.

उपग्रहाच्या नावात औचित्य आहेच, पण त्याच्या कामात ते त्याहून जास्त आहे. उंचावरच्या कॅमेऱ्यातून एक सरळ रेषा खाली सोडा. तिच्यावर किती अंतर गेल्यावर ती जमिनीला टेकेल? पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर त्रिज्येएवढे झाले पाहिजे, ही अट लिहिली की त्या अंतराचे वर्गसमीकरण तयार होते. कॅमेरा सरळ खाली पाहत असेल तर मुळे दोन: एक जवळचे, जमिनीचे, दुसरे पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूचे, जिथे रेषा आरपार जाऊन बाहेर पडली असती. दुसरे गणिताने बरोबर, पण कॅमेऱ्याच्या उपयोगाचे नाही. पाच वानरांच्या कळपासारखेच ते बाजूला ठेवायचे. कॅमेरा कलता करत गेले की ही दोन मुळे जवळ येतात. सव्वापाचशे किलोमीटर उंचीवर, उभ्या रेषेपासून सुमारे ६७ अंश कलल्यावर ती एक होतात, आणि रेषा पृथ्वीला नुसती स्पर्श करून जाते. तेच क्षितिज. त्यापुढे कलले की विवेचक ऋण, मूळ नाही, कारण रेषेच्या वाटेत पृथ्वीच नाही. बारा, पंधरा, सोळा, सतरा या आकड्यांनी वानरांच्या डोंगरावर जे केले, तेच कलत्या कॅमेऱ्याने आकाशात केले. ‘मूळ नाही’ हे इथे गणित बिघडल्याचे लक्षण नसून एक पक्की बातमी आहे: या दिशेला जमीन दिसणार नाही.

आता भास्कराचार्यांच्या त्या दोन चरणांवर लिहिलेल्या एका टीकेकडे येतो, कारण माझ्या मते या विषयावरचे सर्वांत चविष्ट गद्य तिथे आहे. कृष्ण दैवज्ञ हे १६०० च्या सुमाराचे टीकाकार. घराणे मूळ विदर्भातल्या दधिग्रामचे, वडील बल्लाळ काशीला जाऊन राहिलेले. ‘बीजगणिता’वरची त्यांची टीका ‘बीजपल्लव’ किंवा ‘बीजनवांकुर’ या नावाने ओळखली जाते. तिची एक छापील आवृत्ती १९५८ मध्ये तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने काढली. शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीतून व्यंकोजी तिकडे गेले आणि तंजावरचे भोसले राज्य उभे राहिले. त्या राजांनी, विशेषतः सरफोजीराजांनी, ते ग्रंथालय वाढवले. विदर्भातून काशीला गेलेल्या घराण्याचा ग्रंथ अशा मराठी वाटेने कावेरीकाठी छापला गेला.

ऋण संख्येला मूळ नाही या विधानावर कृष्ण दैवज्ञ एक शंकेखोर उभा करतात. तो विचारतो, ऋण संख्या वर्ग का नसावी? ही काय राजाज्ञा आहे? प्रश्न उद्धट आहे आणि टीकाकार त्याला दटावत नाहीत; राजाज्ञा नाही हे आधी मान्य करतात. मग शांतपणे विचारतात: तुम्ही म्हणता ऋण संख्या वर्ग आहे, तर कुणाचा वर्ग ते सांगा. धनाचा म्हणाल तर धनाचा वर्ग धन. ऋणाचा म्हणाल तर त्याचाही धन. मग जिचा वर्ग ऋण होईल अशी संख्या आम्हांला कुठे दिसत नाही. इतकेच. अधिकाराचा आधार नाही, आचार्यांचे नाव पुढे करणे नाही. ग्रंथाच्या मूळ वचनावर टीका लिहिणारा माणूस वचनाच्या जोरावर वाद जिंकू शकला असता. त्यांनी दावा करणाऱ्याकडे पुरावा मागितला आणि ‘दिसत नाही’ यापलीकडे एक पाऊलही टाकले नाही.

कुणाचा वर्ग, हा प्रश्न तिकडे इटलीत कार्दानो यांच्यासमोर त्याआधीच येऊन गेला होता. १५४५ च्या त्यांच्या ग्रंथात दहाचे दोन भाग पाडून गुणाकार चाळीस आणायचा आहे. वानरांचाच प्रश्न, आकडे मोठे. पाचात ऋण पंधराचे मूळ मिळवा आणि पाचातून तेच वजा करा, असे त्यांनी लिहिले, गुणाकार करून चाळीस आणून दाखवले, आणि ही खटपट निरुपयोगी ठरवून सोडून दिली. १८०६ मध्ये आर्गां यांनी अशा संख्यांना कागदावर जागा दिली: नेहमीच्या संख्यारेषेवर नाही, तिच्याशी काटकोनात. कृष्ण दैवज्ञांच्या शंकेखोराला उत्तर द्यायला तेव्हा काहीतरी मिळाले.

त्या रीतीने डोंगरावरची सतरा वानरेही सोडवता येतात, आणि सतरा हा आकडा इथे अगदी नेटका पडतो. आठाचे भाग: चार अधिक ऋण एकाचे मूळ, आणि चार वजा तेच. बेरीज आठ. गुणाकार सोळा वजा ऋण एक, म्हणजे सतरा. पहिला भाग टोळीतल्या वानरांची संख्या धरला तर त्याचा वर्ग पंधरा अधिक ऋण एकाच्या मुळाची आठपट. ती वनातली वानरे. त्यांत डोंगरावरची सतरा मिळवली की बत्तीस अधिक तीच आठपट, हा कळप. त्याचा आठवा भाग काढा, चार अधिक ऋण एकाचे मूळ परत येते. समीकरणाचे समाधान झाले. आधी नकार संख्येचा होता. आता संख्या कबूल आहे, आणि प्रश्न पुन्हा लोकांच्या प्रतीतीपाशी आला आहे.